दाताचा खर्च आणि सरकारी कार्ड : गोव्यात काय मिळतं, काय नाही

खिशात आयुष्मान कार्ड आहे म्हणून खाजगी दवाखान्यात रूट कॅनल फुकट होईल, या भरवशावर कृपा करून जाऊ नका. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे, पण दात भरणं, रूट कॅनल, हिरड्यांचे उपचार, इम्प्लांट हे त्यातून स्पष्टपणे वगळलेलं आहे. अपघातात जबडा मोडला, जबड्यात गळू किंवा गाठ झाली, तोंडाचा कर्करोग निघाला आणि दाखल व्हावं लागलं, तर मात्र हेच कार्ड घर वाचवतं.

पात्रता ठरते 2011च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीवरून, उत्पन्नाच्या दाखल्यावरून नव्हे. नाव आहे का, हे 14555वर विचारता येतं. वय 70 पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट नाही. त्यांनी आधारने ई-केवायसी करून कार्ड काढावं. राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना निराळी: गोव्यात किमान 5 वर्षं वास्तव्य हवं, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा अधिक असल्यास 4 लाख. दाताच्या कामासाठी तिच्यावर विसंबण्याआधी, तो उपचार यादीत आहे का, हे रुग्णालयाच्या योजना कक्षात विचारून घ्या.

मग रोजच्या दुखण्याचं काय? त्यासाठी सरकारी ओपीडी. म्हापशाला आझिलो, मडगावला हॉस्पिसियो ही जिल्हा रुग्णालयं (लोक अजून हीच नावं घेतात), आणि कठीण कामासाठी बांबोळीचं दंत महाविद्यालय, जे 1980पासून चालू आहे. इथे विमा कार्ड लागत नाही, केसपेपर काढायचा, बस्स. शुल्क खाजगीच्या मानाने खूपच कमी असतं. तरी तेवढंही जड जात असेल तर सवलतीचं खिडकीवरच विचारा, उपचार झाल्यावर नको.

सोबत आधार, रेशनकार्ड, जुने एक्स-रे, चालू औषधांची चिठ्ठी ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दात काढण्याआधी डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला मागितला तर तो मामलेदार कचेरीतून मिळतो. अर्ज गोवा ऑनलाइनवर करता येतो. आधार आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

कवळीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण काणकोण किंवा सत्तरीहून येणारी म्हातारी माणसं इथेच दमतात. कवळी एका फेरीत होत नाही. दोनदा माप घेतात, मग वरचा-खालचा जबडा कसा मिटतो ते पाहतात, मेणावर दात लावून तपासतात, शेवटी बसवतात. दात नुकतेच काढले असतील तर हिरडी भरायला काही आठवडे जातात. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्या फेऱ्यांच्या तारखा लिहून मागा, आणि आईवडिलांबरोबर घरातलं कुणीतरी निदान माप घेण्याच्या आणि मेणाच्या चाचणीच्या दिवशी जा. "हिथं टोचता" हे त्याच वेळी सांगितलं गेलं पाहिजे. कवळी नेल्यावर टोचली, तरी घरी कानशीने घासू नका. तोच केसपेपर घेऊन परत जा.