फॉक्सपी३ आणि रेग्युलेटरी टी सेल्स

फॉक्सपी३ हा एक्स क्रोमोसोमवरचा जीन, आणि त्याच्यापासून बनणारं प्रोटीन टी सेलला (रोगप्रतिकार करणारी एक पांढरी रक्तपेशी) रेग्युलेटरी टी सेल, थोडक्यात ट्रेग बनवतं. ट्रेगचं काम म्हणजे बाकीच्या टी सेल्सना आवर घालायचा, आपल्याच शरीरावर उठू द्यायचं नाही. हा जीन तसा शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशींमध्ये असतो, पण बहुतेक ठिकाणी बंद. तो कुठे चालू होतो आणि चालू राहतो का, यावर सगळं अवलंबून.

अशा पेशी असतात हे शिमॉन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलं. पृष्ठभागावर सीडी२५ हे प्रोटीन असलेल्या टी सेल्स काढून उरलेल्या टी सेल्स त्यांनी टी सेल्स नसलेल्या उंदरांना दिल्या, तर उंदरांना ऑटोइम्यून आजार (म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते ते) झाले, आणि काढलेल्या पेशी वेळेत परत दिल्या तर आजार टळले.

जीन सापडला तो मात्र वेगळ्याच वाटेने. अमेरिकेत ओक रिजच्या लॅबमध्ये १९४० च्या दशकात काही नर उंदीर खपलीवाल्या कातडीचे, सुजलेल्या प्लीहेचे जन्मले आणि काही आठवड्यांत मेले, त्यांना स्कर्फी म्हणतात. मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी १९९० च्या दशकात त्यामागचा जीन शोधायला घेतला, तेव्हा आजच्यासारखं सीक्वेन्सिंग नव्हतं, एक्स क्रोमोसोमचा पट्टा कमी करत करत ते डीएनएच्या पाच लाखाच्या आसपास अक्षरांपर्यंत आले, त्यात २० जीन, एकेक तपासत गेले आणि बिघाड सापडला तो शेवटच्या, विसाव्या जीनमध्ये, तोच फॉक्सपी३! डीएनएची फक्त दोन अक्षरं जास्तीची, त्यामुळे प्रोटीन अर्धवट राहतं. ही चिकाटी खरंच थक्क करणारी आहे. २००१ मध्येच कळलं की मुलग्यांना होणारा आयपेक्स हा आजारही याच जीनमुळे होतो: तान्ह्या वयात डायबेटीस, एक्झिमा, न थांबणारे जुलाब. २००३ मध्ये फॉक्सपी३ आणि ट्रेग यांचं नातं पक्कं झालं, आणि साकागुची, ब्रन्को, रॅम्सडेल या तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आयपेक्स झालेल्या मुलाची आई बहुधा ठणठणीत असते. बायकांच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो, आणि ज्यांच्यात चांगली प्रत चालू आहे त्याच पेशी ट्रेग म्हणून टिकतात, तेवढ्यांवर भागतं.

आता स्विचचं बघू. फॉक्सपी३ जीनच्या आतच काही डीएनएचे तुकडे आहेत ज्यांच्यापासून प्रोटीन बनत नाही, ते फक्त जीनचं नियंत्रण करतात, त्यांना सीएनएस१, २, ३ अशी नावं आहेत. सीएनएस३ जीन चालू व्हायला मदत करतो, सीएनएस१ थायमसच्या (छातीतली ग्रंथी, जिथे टी सेल्स तयार होतात) बाहेर, आतड्यासारख्या ठिकाणी ट्रेग तयार होताना लागतो. सीएनएस२ सगळ्यात महत्त्वाचा म्हणावा लागेल, कारण त्याच्यावरचे मिथाइलचे टॅग (डीएनएवर चिकटलेल्या, जीन बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा) निघाले की पेशी विभागली तरी जीन चालूच राहतो. मग फॉक्सपी३ प्रोटीन आयएल-२ (टी सेल्सना वाढायला लावणारा संदेश) सारखे जीन दाबतं आणि सीडी२५, सीटीएलए-४ (टी सेल्सना आवरणारं प्रोटीन) वाढवतं.

टीजीएफ-बीटा हे पेशींना संदेश देणारं प्रोटीन देऊन लॅबमध्ये ट्रेग बनवता येतात, पण सीएनएस२ वरचे टॅग बरेचदा तसेच राहतात आणि पेशी काही दिवसांत फॉक्सपी३ गमावतात, उपचारासाठी ट्रेग बनवणाऱ्यांची ही मोठी अडचण आहे. शिवाय माणसाच्या साध्या टी सेल्सही उत्तेजित झाल्या की थोडा वेळ फॉक्सपी३ दाखवतात, म्हणून पेशी खरी ट्रेग आहे का हे ठरवायला सीएनएस२ वरचं मिथाइल तपासतात.