डायलिसिस आणि लैंगिक आरोग्य

किडनी निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्यांमध्ये इच्छा कमी होणं, पुरुषांना ताठरता न येणं, बायकांची पाळी अनियमित होणं किंवा थांबणं, कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, या सगळ्या तक्रारी या विषयात येतात. प्रमाण भरपूर आहे पण पेशंट लाजतो आणि डॉक्टर विचारत नाही.

नक्की कारण कोणतं यावर जुना वाद आहे. १९६० मध्ये अमेरिकेत सिएटलला डॉ. स्क्रिबनर यांच्या शंटमुळे (हाताच्या रक्तवाहिन्यांत बसवून तशीच ठेवायची नळी) वर्षानुवर्षं डायलिसिस करता यायला लागलं, त्यानंतर बराच काळ खापर नैराश्यावर फुटायचं. मग हार्मोन मोजता यायला लागले आणि दिसलं की प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करणारं हार्मोन, वाढलेलं असतं (किडनी ते बाहेर टाकत नाही आणि शरीर बनवतंही जास्त), टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी असतं, आणि बायकांमध्ये बीज सुटायला एलएच हे हार्मोन जसं एकदम उसळावं लागतं तसं ते उसळतच नाही. झिंकच्या कमतरतेचंही एक मत होतं, पण झिंक दिल्यावर काही चाचण्यांत फरक पडला, काहींत नाही, त्यामुळे ते मत आता मागे पडल्यासारखंच आहे. १९८९ नंतर एरिथ्रोपोएटिन हे रक्त वाढवणारं औषध मिळायला लागलं, रक्त वाढलं तसं काहींची इच्छाही परतली, म्हणजे ॲनिमियाचा वाटा होताच. शिवाय कडक झालेल्या रक्तवाहिन्या, डायबेटिसने गेलेल्या नसा, बीपीच्या आणि डिप्रेशनच्या काही गोळ्या. एकच कारण शोधण्यापेक्षा ही सगळी गुंतागुंत मानणं जास्त पटतं.

किडनीच्या पेशंटचं जीवनमान मोजायला केडीक्यूओएल ही प्रश्नावली १९९४ पासून आहे, तिच्या ३६ प्रश्नांच्या छोट्या आवृत्तीत लैंगिक आयुष्यावर फक्त एक प्रश्न उरलाय, तोही 'किती त्रास होतो' एवढाच.

उपचारात सिल्डेनाफिल (ताठरतेची गोळी, व्हायग्रा) चालतं, पण कमी डोसपासून, आणि छातीत दुखण्यावरची नायट्रेटची गोळी चालू असेल तर अजिबात नाही, बीपी धोकादायक खाली जातं. मशीनवरून उतरल्यावर आधीच गळून गेल्यासारखं होतं, म्हणून बरीच जोडपी दोन डायलिसिसच्या मधला दिवस निवडतात. फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशनने जोडलेल्या रक्तवाहिनीच्या) हातावर भार द्यायचा नाही, तिच्यावर बोट ठेवल्यावर रक्त वाहत असल्याची जी थरथर लागते ती तशीच राहायला हवी. पोटाचं डायलिसिस असेल तर आधी पोटात भरलेलं पाणी काढून टाकलं आणि पोटावरची नळी टेपने नीट चिकटवली की अवघडलेपण कमी होतं.

डायलिसिसवर दिवस राहणं दुर्मीळ, पण अशक्य नाही. पाळी बंद आहे म्हणून गर्भनिरोधक नको असं धरून चालू नये. किडनी बदलल्यावर बायकांची प्रजननक्षमता काही महिन्यांतच परत येऊ शकते, आणि तेव्हा चालू असणारं मायकोफेनोलेट (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेलं औषध) गर्भाला घातक असतं, ते मूल हवं असेल तर निदान ६ आठवडे आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावं लागतं.