सूत्री विभाजनाचा अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि तो नेमका कुठे अडकतो

पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. ही चार नावं बहुतेकांना पाठ असतात, तरी पेशी विभाजनाच्या प्रश्नाला गुण जातात. उत्तरपत्रिका तपासताना मला दर वर्षी तेच दिसतं: घोळ या चार अवस्थांच्या आधीच झालेला असतो. माणसाच्या भराभर वाढणाऱ्या पेशीचं एक चक्र साधारण २४ तासांचं, आणि त्यात प्रत्यक्ष विभाजन जेमतेम तासाभराचं. उरलेला सगळा वेळ पात्रता आणि कागदपत्रं जमवण्यात जातो. म्हणून पेशी विभागण्यासाठी अर्ज करते आहे असं समजून, पहिल्या खिडकीपासून सुरुवात करू.

पात्रता

प्रौढ लाल रक्तपेशीत केंद्रकच नसतं, त्यामुळे तिचा अर्ज दाखल होत नाही. बहुतेक चेतापेशी जी-शून्य या चक्राबाहेरच्या थांब्यावर कायमच्या गेलेल्या असतात. यकृताच्या पेशीही त्याच थांब्यावर असतात, पण यकृताचा तुकडा कापून काढला की त्या परत रांगेत येतात. जी-शून्य म्हणजे पेशी मेली, असं कृपा करून लिहू नका. ती जिवंत असते, काम करते, फक्त विभागत नाही.

सर्वाधिक अर्ज अडतात ते एका कागदावाचून: बाहेरून येणारा वाढीचा संकेत. पेशी धष्टपुष्ट आहे, अन्न मुबलक आहे, एवढ्याने भागत नाही. आजूबाजूच्या पेशींकडून किंवा रक्तातून वाढघटक प्रथिनं यावी लागतात. प्रयोगशाळेतल्या बशीत त्वचेच्या पेशी वाढवताना सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा, वाढघटक असलेला द्रव) काढून घेतलं की बाकी सगळं पोषण देऊनही त्या जागीच थांबतात. बोट कापलं की जखमेत जमलेल्या रक्तबिंबिका हेच संकेत सोडतात, आणि तिथल्या पेशींचे रखडलेले अर्ज हलतात. कर्करोगाच्या पेशी हा कागद हातात नसताना पुढे घुसतात. एवढं ध्यानात ठेवलं तरी तो रोग निम्मा समजतो.

डीएनएची मोडतोड झाली असेल तर पी-५३ हे प्रथिन दुरुस्ती होईपर्यंत काम रोखून धरतं. दुरुस्तीपलीकडचं असेल तर पेशीलाच मरणाच्या वाटेला लावतं. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत याच प्रथिनाचं जनुक बिघडलेलं आढळतं.

नकलेची मुदत

एका पेशीतला डीएनए सरळ पसरला तर सुमारे २ मीटर भरेल. त्याची पूर्ण नक्कल चक्रातल्या एस या टप्प्यात, साधारण ८ तासांत होते. नक्कल हजारो ठिकाणांहून एकाच वेळी सुरू होते, आणि त्या प्रत्येक ठिकाणाला परवाना लागतो. मुदत चुकीची वाचली जाते ती इथे. परवाना एस सुरू होण्याआधीच, मुख्यतः जी-१ या आधीच्या टप्प्यात मिळतो, नक्कल मात्र एस मध्ये होते. एस सुरू झाला की नवा परवाना बंद, म्हणून एकच भाग दोनदा नकलला जात नाही. आणि ‘पूर्वावस्थेत डीएनए दुप्पट होतो’ हे वाक्य पुन्हा लिहू नका. पूर्वावस्था सुरू होण्याच्या कितीतरी आधी ते काम संपलेलं असतं. पूर्वावस्थेत तयार नकला फक्त घट्ट गुंडाळल्या जातात.

आता मोजणी. नक्कल झाल्यावर गुणसूत्रं ४६ की ९२? ४६. गुणसूत्र मोजायचं ते गुणसूत्रबिंदूवरून. नकलेनंतरच्या दोन जुळ्या प्रती, म्हणजे अर्धगुणसूत्रं, एकाच बिंदूशी जोडलेल्या आहेत तोवर ते एकच गुणसूत्र. पश्चावस्थेत त्या सुट्या झाल्या की त्याच पेशीत ९२ होतात, आणि शेवटी दोन्ही पेशींत ४६-४६. ही मोजणी भल्याभल्यांना चकवून गेली आहे. १९५६ पर्यंत माणसात ४८ गुणसूत्रं असतात असंच मानलं जाई. जो-हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी कोल्चिसिन हे तंतू बनू न देणारं रसायन वापरून पेशी मध्यावस्थेत अडवल्या, गुणसूत्रं पसरवली, आणि आकडा ४६ भरला.

अंतिम छाननी

पूर्वावस्थेच्या शेवटाकडे केंद्रकावरण विरतं आणि तर्कुतंतू, म्हणजे पेशीच्या दोन ध्रुवांकडून (टोकांकडून) येणारे ओढणारे धागे, गुणसूत्रांना पकडू लागतात. मध्यावस्थेत सगळी गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर ओळीत येतात. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड डोळ्याखाली घ्या: बहुतेक पेशींत नुसतं गोल, दाणेदार केंद्रक दिसतं, आणि मधेच एका पेशीत गडद रंगाची आडवी पट्टी. ती मध्यावस्था.

इथला नियम फार कडक आहे. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही भावंडांना (अर्धगुणसूत्रांना) विरुद्ध ध्रुवांकडचे तंतू लागलेले हवेत. ९२ जोडण्यांपैकी ९१ झाल्या आणि एक राहिली, तरी ती एकटी थांबण्याचा संकेत देत राहते आणि सगळी पेशी ताटकळते. विद्यार्थ्यांना हा अट्टहास वाटतो. पण एक गुणसूत्र चुकीच्या बाजूला गेलं तर एका पेशीत ४७ आणि दुसरीत ४५, आणि नंतर ते परत आणायची सोय नाही.

शेवटची जोडणी झाली की सेपरेज हे विकर मोकळं होतं आणि भावंडांना बांधून ठेवणारी कोहेसिनची कडी कापतं. पश्चावस्था अवघ्या काही मिनिटांत उरकते. अंत्यावस्थेत दोन नवी केंद्रकावरणं बनतात.

पण इथे पेन खाली ठेवू नका. दोन केंद्रकं झाली म्हणजे दोन पेशी झाल्या असं नाही; पेशीद्रव्याचं विभाजन वेगळं. प्राणिपेशीत बाहेरून खाच पडत जाते, वनस्पतिपेशीत मधोमध पेशीपटल तयार होतं. ही पायरी गळाली तर एकाच पेशीत दोन केंद्रकं राहतात. यकृतात अशा पेशी निरोगी माणसातही पुष्कळ सापडतात.