जुन्या जर्किनची ओळख: चेन, अस्तर आणि शिवण

आपल्याकडे पुढून चेन असलेलं, कमरेपर्यंतचं काहीही म्हणजे ‘जर्किन’. खरं तर जर्किन हे बिनबाह्यांचं जाकीट. चामड्याची अशी जर्किनं पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना मिळत. आपण तेच नाव सरसकट सगळ्यांना दिलं, आणि मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा हणजूणला ढिगातून हाती आलेलं जाकीट कोणत्या घराण्यातलं, हे विचारायचंच राहून गेलं.

गोव्याच्या उकाड्यात ही जाकिटं आली तरी कुठून? साठच्या दशकाच्या अखेरीपासून इस्तंबूल, काबूल अशा खुष्कीच्या वाटेने हिप्पी इथे येऊ लागले. वाट थंडीची, मुक्काम समुद्राकाठी. इथे पोचल्यावर जाकीट नुसतं ओझं व्हायचं आणि हातखर्चासाठी विकलं जायचं. अशाच देवघेवीतून सत्तरच्या दशकात हणजूणचा बुधवारचा बाजार उभा राहिला. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, वर्षाअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट बंद पडली. दुसरा ओघ आपल्या घरातलाच. बोटीवर नोकरी करणारे तारवटी थंड देशांच्या बंदरांतून जाकिटं आणत. कितीतरी गोवेकर घरांच्या कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात ती आजही आहेत.

ओळखायला सर्वांत सोपं डेनिमचं. लिव्हाइसच्या जुन्या जाकिटाला, ज्याला संग्राहक ‘टाइप वन’ म्हणतात, पुढे चुण्या आणि पाठीवर कमरेशी बक्कल असतं. छातीवर बहुधा एकच खिसा. १९५३च्या ‘टाइप टू’मध्ये खिसे दोन झाले, पाठीचं बक्कल गेलं. १९६२ला आलेल्या ‘टाइप थ्री’त चुण्याही गेल्या, खिशाच्या झाकणांना टोक आलं आणि तिथून कमरेकडे निमुळत्या उतरणाऱ्या शिवणी आल्या. आज आपण ज्याला डेनिम जाकीट म्हणतो ते हेच. बाजूला हात घालायचे खिसे दिसले तर ते ऐंशीच्या दशकातलं किंवा त्यानंतरचं समजा. खिशाच्या कडेला शिवलेल्या लाल फितीवर कंपनीच्या इंग्रजी नावातलं दुसरं अक्षर मोठ्या लिपीतलं ‘ई’ असेल तर जाकीट १९७१च्या आधीचं, असं सांगतात. पण कंपनीने जुने नमुने तशाच फितीसह पुन्हा काढले आहेत, म्हणून फितीपेक्षा शिवणीवर विश्वास ठेवावा. बटणपट्टीवर नागमोडी टाके दिसले तर ‘ली’ या दुसऱ्या डेनिम कंपनीची आठवण ठेवा.

माझं सर्वांत आवडतं हॅरिंग्टन. मँचेस्टरच्या मिलर बंधूंच्या बाराकुटा कंपनीने १९३७ साली ‘जी नाइन’ नावाने ते काढलं. पावसात गोल्फ खेळणाऱ्यांसाठी ते होतं, आणि आपण पावसातली माणसं असल्याने त्यातली हुशारी लगेच कळते. पाठीवरचा कापड छत्रीच्या कडेसारखा कापलेला, पाणी खाली निथळावं म्हणून. उभी कॉलर दोन बटणांची, आत फ्रेझर या स्कॉटिश घराण्याच्या लाल चौकड्यांचं अस्तर. हॅरिंग्टन हे नाव नंतरचं: ‘पेटन प्लेस’ या अमेरिकी मालिकेतल्या रॉडनी हॅरिंग्टन या पात्रावरून पडलेलं.

म्हापशात मला असंच एक मिळालं. बदामी रंग, लेबल कापून टाकलेलं. बाहीच्या टोकाशी अस्तर थोडं उसवलं होतं, तिथून ते उलटून पाहिलं. मागची बाजू पांढरी! विणलेली चौकड दोन्ही अंगांनी दिसते. ही छापलेली होती. म्हणजे नंतरची स्वस्त नक्कल. तरी छत्रीची कड मात्र जशीच्या तशी होती, आणि मी ते घेतलं.

लष्करी जाकिटांचं थोडक्यात. नायलॉनचं, विणलेल्या कॉलरचं, बाहीवर चेनचा खिसा असलेलं ते ‘एमए-वन’, पन्नासच्या दशकातलं. आतलं नारिंगी अस्तर साठच्या सुमाराचं, विमान पडलं तर वैमानिकाने जाकीट उलटं घालून शोधपथकाला दिसावं म्हणून. चार खिसे आणि कॉलरच्या चेनमध्ये घडी घालून ठेवलेली टोपी असेल तर ते १९६५चं ‘एम-६५’, व्हिएतनाम युद्धातलं.

लेबल नसेल तर चेन पाहावी. जुनी चेन बहुतेक धातूची. नायलॉनची साठच्या दशकापासून पसरली. अमेरिकेत धुण्याच्या सूचनांचं लेबल सक्तीचं करणारा नियम १९७१चा, त्यामुळे असं लेबल असलेलं अमेरिकी जाकीट बहुधा त्यानंतरचं. खाऱ्या हवेत पितळी चेन हिरवी पडते, अडते, आणि शिंपी लगेच बदलून देतो म्हणतो. बदलू नका. दातांवर मेणबत्ती घासा, दोनचारदा हळूच वरखाली करा.