वालाचं उत्पादन वाढवायचं, तर एकट्या झाडावर जाऊ नका

रायगडात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर कडवे वाल उभे राहतात आणि थंडीत शेंगा भरल्या की पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांची मेजवानी, लागते. घाटावरचा पावटा आणि कर्नाटकातला अवरे ही याच प्रजातीची भावंडं. पैदासकारांनी हरभऱ्या-तुरीकडे जेवढं लक्ष दिलं तेवढं याच्या वाट्याला आलं नाही, म्हणूनच इथे सुधारणेला भरपूर जागा आहे.

पहिली अडचण दिवसाच्या लांबीची. जुने वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. जूनमध्ये पेरले तर नुसता वेल माजतो. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाच्या हेब्बाळ अवरे-३ आणि हेब्बाळ अवरे-४ या बुटक्या वाणांना हे बंधन नाही, त्यामुळे संकरासाठी ते चांगले दाते ठरतात.

संकर करताना मादी म्हणून पांढऱ्या फुलाचं झाड घ्यावं आणि नर जांभळ्या फुलाचा. जांभळा रंग प्रभावी असल्याने पहिल्या पिढीत ज्या झाडाला पांढरं फूल येईल, तिथे संकर फसला असं समजून ते झाड उपटता येतं. फूल उमलण्याआधीच परागकोश फुटतात, म्हणून दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी हाताळावी लागते. बारीक चिमट्याने वरची मोठी पाकळी मागे सारायची, आतली होडीसारखी पाकळी चिरायची आणि दहाही पुंकेसर काढायचे. वालाची कुक्षीवृंत, म्हणजे फुलातल्या मादी भागाची दांडी, काटकोनात वळलेली असते. पाकळी सरळ ओढली की ती मोडते, आणि नवशिक्यांच्या बहुतेक कळ्या इथेच वाया जातात. सकाळी ताजे पराग लावून कळी झाकायची, चिठ्ठी बांधायची आणि त्याच तुऱ्यावरच्या बाकी कळ्या खुडून टाकायच्या, नाहीतर आपली शेंग गळते.

बुटकेपणा आणि लवकर फुलणं हे दोन्ही गुण अप्रभावी आहेत. प्रत्येकाचं एकच, स्वतंत्र जनुक धरलं तर दुसऱ्या पिढीत १६ पैकी १ झाड दोन्ही घेऊन येतं, म्हणजे ४०० झाडांत साधारण २५. त्याहून लहान पिढी लावणं म्हणजे निवडीला वावच न ठेवणं.

खरी चूक होते ती यानंतर. ऐसपैस अंतरावर लावलेल्या झाडांतून सगळ्यात लगडलेलं झाड निवडण्याचा मोह होतो. ते झाड बहुधा पसरट आणि शेजाऱ्याची जागा खाणारं असतं, आणि दाट पेरणीत तेच मागे पडतं. ९० बाय ६० सेंटिमीटरवर हेक्टरी सुमारे १८,५०० झाडं बसतात, ४५ बाय १५ वर १ लाख ४८ हजार. बुटक्या झाडाने वेलाच्या एक चतुर्थांश शेंगा दिल्या तरी हेक्टरी हिशेब दुप्पट होतो. शिवाय उत्पादन अनेक जनुकांवर आणि त्या जागेच्या ओलीवर ठरतं. त्यामुळे दुसऱ्या पिढीत फक्त ठेवण, फुलण्याची वेळ आणि रोग पाहावा. उत्पादनाचा निवाडा गुण स्थिर झाल्यावर, पाचव्या-सहाव्या पिढीत, पेरणीच्याच अंतरावर, अनेक ओळींच्या वाफ्यांत करावा.

एकदम फुलणाऱ्या वाणाचा धोकाही ओळखून ठेवायला हवा. घाटेअळी नेमकी त्या आठवड्यात आली तर पीक हातचं जातं. जुना वेल मात्र पुन्हा फुलून थोडीफार भरपाई करतो. आणि चवीची परीक्षा शेवटच्या वर्षावर ढकलू नये. अवरेच्या हिरव्या शेंगेला सुगंध नसेल तर कर्नाटकातलं गिऱ्हाईक ती घेत नाही, आणि कोकणात मोड आलेला वाल सहज सोलता यायला हवा. चौथ्या पिढीपासून दर ओळीतले मूठभर दाणे भिजवून, मोड आणून, सोलून आणि शिजवून पाहावेत.