घरच्या मैदानावर हरलेले नेते आणि दहावीतला मध्यक

देशभर नाव झालेला नेता स्वतःच्याच मुलखात आपटला की वाहिन्यांवरच्या चर्चेत कोणीतरी ‘पिकतं तिथं विकत नाही’ म्हणतंच. सगळे माना डोलावतात आणि विषय तिथेच मिटतो. म्हण म्हणून ती झकास आहे, पण कारण म्हणून ती खपवली जाते तेव्हा माझं डोकं फिरतं. कारण मोजायला बसलं तर बहुतेक वेळा पिकतं तिथंच जास्त विकतं.

व्ही. ओ. की या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने 1949 मध्ये दक्षिणेकडच्या राज्यांतलं मतदान तपासलं. अलाबामात उमेदवाराला स्वतःच्या आणि लगतच्या काउंटीत (आपल्याकडचा जिल्हा म्हणा) भरघोस मतं पडत होती, आणि लांब जावं तशी ती आटत होती. पुढे 1983 मध्ये लुइस-बेक आणि राइस या दोघांनी हिशेब मांडला, की अध्यक्षपदाच्या उमेदवाराला स्वतःच्या राज्यात सरासरी 4 टक्के मतं जादा मिळतात. राज्य लहान असेल तर त्याहूनही जास्त.

मग अल गोर यांचं काय झालं? सन 2000 मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षाकडून अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे होते. देशभरात त्यांना बुश यांच्यापेक्षा जास्त मतं पडली, पण निर्वाचक मतांत (प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक मतं असतात आणि बहुतेक राज्यांत ती सगळी तिथल्या विजेत्याला जातात) ते 266 विरुद्ध 271 असे हरले. सगळ्यांना फ्लोरिडातली 537 मतं आठवतात. त्यांच्या स्वतःच्या टेनेसी राज्याची 11 निर्वाचक मतं मात्र कोणी आठवत नाही. ती मिळाली असती तर फ्लोरिडाची गरजच नव्हती. तिथे ते सुमारे 80 हजार मतांनी हरले. याच राज्याने 1990 मध्ये त्यांना सिनेटवर पाठवताना 95 च्या 95 काउंट्या दिल्या होत्या.

म्हणजे टेनेसीला ते नकोसे झाले होते? घाई करू नका. निव्वळ हरणं आणि अप्रिय असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेगळ्या कशा, हे मोजण्याची एक साधी रीत आहे. राज्यात पक्षाला पडलेल्या मतांच्या टक्क्यांतून देशभरातले टक्के वजा करायचे. उरतो तो त्या राज्याचा कल. 1988 च्या अंतिम लढतीत गोर नव्हते, तेव्हा टेनेसीत डेमोक्रॅटिक उमेदवाराला 41.5 टक्के आणि देशात 45.6 टक्के मतं होती. कल उणे 4.1. सन 2000 मध्ये गोर यांना टेनेसीत 47.3 आणि देशात 48.4 टक्के, म्हणजे कल उणे 1.1. 2004 मध्ये गोर यांच्या जागी केरी आले आणि कल उणे 5.8 झाला. 2008 मध्ये ओबामा देशात जिंकले, तरी टेनेसीत तो उणे 11 च्या आसपास गेला.

आकडे पुन्हा एकदा वाचा. राज्य पक्षापासून दूर वाहत चाललं होतं आणि गोर यांची घरची ओढ त्याला तीन-चार टक्क्यांनी मागे खेचत होती. ते हरले, पण त्यांच्या जागी कोणी परका असता तर आणखी वाईट हरला असता. त्यांचं कार्थेज गाव ज्या स्मिथ काउंटीत आहे, ती तर त्यांनीच जिंकली.

आता उलटं उदाहरण. मिट रॉम्नी 2003 ते 2007 मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते. 2012 मध्ये अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा तिथे त्यांना 37.5 टक्के मतं पडली आणि देशात 47.2. कल उणे 9.7. त्याआधी चार वर्षं, त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार असलेल्या ॲरिझोनाच्या मॅकेन यांचा तिथला कलही जवळजवळ तेवढाच होता. म्हणजे रॉम्नींची घरची ओढ शून्य. ती गेली कुठे?

इथे दहावीच्या सांख्यिकीतला मध्यक, म्हणजे ओळीने लावल्यावर बरोबर मधे येणारा, कामाला येतो. डंकन ब्लॅक यांनी 1948 मध्ये सिद्ध केलं, की मतदार एका पट्टीवर डावीकडून उजवीकडे ओळीने उभे आहेत असं मानलं आणि प्रत्येकाने आपल्याला जवळच्या उमेदवाराला मत दिलं, तर मधल्या मतदाराला जवळचा उमेदवार जिंकतो. पट्टी 0 ते 100 धरा. देशाचा मध्यक 50 वर आहे, नेत्याच्या घरच्या राज्याचा 65 वर. राज्यात तो 65 च्या आसपास राहूनच मोठा झाला. देश जिंकायचा म्हणून तो 52 वर सरकला. प्रतिस्पर्धी 60 वर आहे. दोघांमधली सीमा 56. देशातले निम्म्याहून जास्त लोक 56 च्या अलीकडे आहेत, म्हणून नेता देश जिंकतो. घरचे निम्म्याहून जास्त पलीकडे आहेत, म्हणून घरी हरतो. आता घरच्यांची आपुलकी 6 अंकांची धरा, म्हणजे नेता त्यांना प्रत्यक्षाहून 6 अंक जवळचा भासतो. सीमा किती सरकेल? फक्त 3, म्हणजे 59 पर्यंत. 59 वरच्या माणसाला नेता 7 अंक लांब, त्यातून आपुलकीचे 6 गेले, उरला 1. प्रतिस्पर्धीही 1 अंकावरच. घरचा मध्यक 65 वर, तेव्हा पराभव टळत नाही.

रॉम्नींनी 2006 मध्ये राज्यात आरोग्य विम्याचा कायदा आणला आणि पुढे त्याच धर्तीच्या राष्ट्रीय कायद्याला विरोध केला. गोर यांनी 1999 मध्ये उपाध्यक्ष या नात्याने सिनेटमधल्या बरोबरीत निर्णायक मत देऊन बंदुकांच्या विक्रीवरचे निर्बंध पुढे नेले. टेनेसीत बंदूक घरोघरी आहे. दोघंही आपल्या घरच्या मध्यकापासून लांब गेले होते. निवडणुकीच्या दिवसांत ‘पत्रिकेतलं चतुर्थ स्थान बिघडल्याने मातृभूमीत अपयश’ असं छातीठोक सांगणारे ज्योतिषी दिसतात. 1990 मध्ये 95 काउंट्या पदरात पडल्या तेव्हाही पत्रिका हीच होती.

आपल्याकडचं उदाहरण मोरारजी देसाईंचं. मराठी माणसाच्या मनात ते मुंबईतल्या गोळीबारामुळे खलनायक आहेत. पण ऑगस्ट 1956 मध्ये अहमदाबादेतही विद्यार्थी गोळीबारात मारले गेले, आणि मुख्यमंत्री मोरारजींनी तिथे उपोषण मांडलं तेव्हा शहराने ‘जनता कर्फ्यू’ पाळून त्यांच्या सभेकडे पाठ फिरवली. गुजराती नेता, गुजरातच्याच सर्वात मोठ्या शहरात! त्यांची भूमिका मराठी-गुजराती एकत्र ठेवणाऱ्या द्वैभाषिक राज्याची, म्हणजे दिल्लीला हवी तशी मधोमधची होती. मुंबईचा मध्यक एका टोकाला, अहमदाबादचा दुसऱ्या. मध्ये उभा राहणारा दोघांनाही लांबचा.

1 मे 1960 ला द्वैभाषिक राज्य मोडलं आणि ती पट्टीच नाहीशी झाली. गंमत म्हणजे आंदोलन पेटलेलं असतानाही, 1957 मध्ये, मोरारजी सुरतेतून लोकसभेवर निवडून आले आणि 1977 पर्यंत येत राहिले. सुरत त्यांच्या वलसाडकडच्या भदेली गावाला जवळ, अहमदाबाद लांब. व्ही. ओ. की यांच्या जवळ-लांबच्या निरीक्षणात हे चपखल बसतं. मात्र 1952 मध्ये वलसाड भागातच ते विधानसभेला हरले होते, ते कसं बसवायचं? फरक 19 मतांचा होता. एवढ्यावर ना म्हण उभी राहते, ना मध्यक.