कारखाना बंद झाला तर परिषदेची तूट सरकार भरून देतं?

इंग्लंडमध्ये मोठा कारखाना बंद पडला की एक समज हमखास पसरतो: परिषदेचा (म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेचा) बुडालेला व्यवसाय-कर, म्हणजे कारखाने-दुकानांच्या जागेवरचा कर, लंडनहून पूर्ण भरून मिळतो, मग सेवांमध्ये कपात कशासाठी? हे खरं नाही, आणि त्यापायी लोकांचा राग चुकीच्या दारात जातो.

१९९० ते २०१३ या काळात मात्र यात बरंच तथ्य होतं. सगळा व्यवसाय-कर राष्ट्रीय निधीत जमा होई आणि तिथून सूत्रानुसार वाटला जाई. एखादा मोठा करदाता गेल्याने त्या परिषदेला थेट झळ बसत नसे. एप्रिल २०१३ पासून करातला निम्मा वाटा स्थानिक पातळीवर राहू लागला. वाढ झाली तर फायदा, घट झाली तर तोटाही.

संरक्षण होतं, पण त्यालाही उंबरठा होता. उत्पन्न सरकारने त्या परिषदेसाठी ठरवलेल्या आधारपातळीच्या ९२.५ टक्क्यांखाली गेलं, तरच त्या रेषेपर्यंतची भर सरकार घालत असे. समजा आधारपातळी १ कोटी पौंड आहे, तर पहिले साडेसात लाख परिषदेनेच सोसायचे. आधारपातळीच्या वर जे काही मिळत होतं, तेही गेलं ते गेलंच.

ऑक्टोबर २०१५ मध्ये ईशान्य इंग्लंडमधल्या रेडकारचा पोलाद कारखाना दिवाळखोरीत निघाला तेव्हा हेच नियम लागू होते. ‘रिकाम्या जागेवरही कर असतोच ना?’ असं विचारतात. औद्योगिक जागेला पहिले सहा महिने सूट असते, आणि मालक कंपनी अवसायनात (मालमत्ता विकून देणी चुकवून गुंडाळली जात) असेल तर तो कर लागतच नाही.